अंजिरी म्हणजे नेमका कुठला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचं जेवण झाल्यावर पेपर तोंडावर घेऊन जरा पडलो होतो, तर फोन वाजला. पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज आला, "सर, तुमच्या कादंबरीतली आई कुठल्या रंगाचं पातळ नेसते?"

मी उठून बसलो. सगळी हयात बँकेच्या काउंटरमागे काढलेल्या माणसाला चमत्कारिक प्रश्नांची सवय असते. पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता.

त्याचं असं झालं की, वीस-एक वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहिली होती. तिची एकच आवृत्ती निघाली, आणि तिच्यातल्या काही प्रती अजून प्रकाशकाच्या माळ्यावर असाव्यात. कृष्णाकाठचं एक गाव, एक शाळामास्तर, त्याची बायको, एक मुलगी, एक मुलगा. मास्तर अचानक जातो आणि बाई शिवणयंत्रावर घर चालवते. त्यातला मुलगा बराचसा मी आहे, हे सुज्ञ वाचकांना सांगायला नकोच. ही कादंबरी त्या मुलीला म्हणे रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत सापडली. मुलगी चित्रकार. मुंबईत चित्रकला शिकलेली. तिला त्या कादंबरीची चित्रकादंबरी करायची होती. तीन महिन्यांपूर्वी तिने फोनवर विचारलं तेव्हा मी "करा की" म्हणून मोकळा झालो होतो. असल्या बेतांतून पुढे काही होत नाही, हा माझा आजवरचा अनुभव. आणि आता हा प्रश्न.

"लिहिलं असेल की कुठेतरी," मी म्हणालो.

"नाही सर. मी दोनदा शोधलं. पातळाचा पोत आहे, धुण्याच्या साबणाचा वास आहे, वाऱ्यावर ओलं पातळ कसं फडफडतं तेही आहे. रंग नाही."

फोन ठेवून मी पुस्तक काढून बसलो. मुलीचं म्हणणं खरं होतं. एकशे ऐंशी पानं मी आईविषयी लिहिली आणि तिला रंगच दिला नाही. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत माझ्या एका तरी साडीचा रंग सांगा बघू तुम्ही!" मी विषय बदलला.

आठ-दहा दिवसांनी ती मुलगी घरी आली. बरोबर पहिली बारा पानं होती. चहा होईपर्यंत ती 'सर'वरून 'काका'वर आली आणि मीही तिला अगं-तुगं करू लागलो. चित्रं सुरेख होती, नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. आमचा वाडा, परसातला नळ, मास्तरांची सायकल. वडील जिवंत असेपर्यंतची सगळी पानं रंगांनी भरलेली होती. मग वडील जातात ते प्रकरण आलं, आणि माझा हात थांबला.

कादंबरीत त्या दुपारला मी चार पानं दिली आहेत. माझ्या लिखाणातली ती सर्वांत चांगली चार पानं, असं चार जाणत्या माणसांनी सांगितलेलं. त्या मुलीने त्यांचं एक पान केलं होतं. सहा चौकटी. उंबऱ्याशी निघालेल्या चपला. उतू गेलेलं दूध. शेजारणीचा हात. थांबलेलं शिवणयंत्र. आईची पाठ. सहाव्या चौकटीत काहीच नाही, नुसता करडा रंग. त्या अख्ख्या पानावर एक शब्द नव्हता, आणि पुढची पानंही तशीच करडी, राखेसारखी.

"माझे शब्द कुठे गेले?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच असावा.

"रंगात गेले, काका."

मला ते आवडलं नाही. मी म्हणालो, हे आपल्याला जमणार नाही. मुलीने वाद घातला नाही. परवानगीच्या कागदावर माझी सही घ्यायला ती आली होती. तो कागद तिने टेबलावर ठेवला, पिशवीतून तीन जाडजूड पुस्तकं काढून त्यावर ठेवली आणि म्हणाली, "एवढी वाचा. मग नाही म्हणालात तरी चालेल."

मनात म्हटलं, या वयात कॉमिक्स!

आमच्या पिढीचं आणि चित्रकथांचं नातं तसं चोरटंच. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९०पर्यंत चालली; आमचं सगळं बालपण त्या काळात बसतं. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून आम्ही वेताळ वाचला. हा वेताळ जांभळ्या कपड्यांत जंगलात फिरतो. हिरव्या जंगलात लपायचं तर जांभळे कपडे कोण घालील, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. पुढे कळलं की, हा वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, ज्याने निर्माण केला त्या ली फॉकच्या मनात करडा रंग होता. १९३६ साली ही मालिका वर्तमानपत्रांत आली ती काळ्या-पांढऱ्यात, तेव्हा प्रश्नच नव्हता. १९३९ साली ती रविवारच्या रंगीत पुरवणीत आली आणि छपाईत तो जांभळा होऊन बसला. इटलीत तो लाल छापला गेला, स्वीडनमध्ये निळा. प्रत्येक देशातल्या पोरांना आपलाच खरा वाटतो. आम्हाला कुणी लाल वेताळ दाखवला, तर आम्ही त्याला तोतयाच म्हणू!

मग अमर चित्र कथा आली. अनंत पै यांनी ती १९६७ साली सुरू केली. तिच्या सुरुवातीच्या काही अंकांत खर्च वाचवण्यासाठी सगळे रंग नसत; पिवळा, निळा, हिरवा एवढ्यावर भागवलेलं असे. तरीही ज्या घरांत पोथ्या वाचल्या जात नव्हत्या, त्या घरांतल्या मुलांना कर्ण आणि अभिमन्यू दिसले ते या अंकांत. आजही महाभारताचा विषय निघाला की, माझ्या डोळ्यांसमोर आधी त्या चौकटी येतात, मग ओव्या.

आणि खरं सांगायचं तर, हे काही साहेबांकडून आलेलं नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे लोक चित्रकथी सादर करतात. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा असतो, त्याला ते पोथीच म्हणतात. एकेक चित्र समोर धरायचं आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गायची. हेही एका परीने रूपांतरच. फरक इतकाच की, तिथे शब्द गाणाऱ्याच्या गळ्यात असतात आणि चित्रकादंबरीत ते फुग्यात.

असो. मी पहिलं पुस्तक उघडलं ते नाखुषीनेच.

ते होतं 'द गिव्हर'. लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेची ही मुलांसाठीची कादंबरी १९९३ साली आली. पी. क्रेग रसेल या चित्रकाराने २०१९ साली तिची चित्रकादंबरी केली. गोष्ट एका शिस्तशीर वसाहतीची. तिथे भूक नाही, भांडण नाही, थंडी-वारा नाही. सगळ्यांचं सगळं सारखं. जोनस नावाचा बारा वर्षांचा मुलगा. समाजाच्या जुन्या आठवणी सांभाळण्यासाठी त्याची निवड होते. एक वृद्ध गृहस्थ त्याच्या पाठीवर हात ठेवून एकेक आठवण त्याला देतात. हळूहळू मुलाला कळतं की, सारखेपणाच्या हट्टापायी या लोकांनी रंगसुद्धा घालवले आहेत. मित्राबरोबर फेकाफेकी करताना हातातलं सफरचंद क्षणभर 'बदलतं' ते का, हे त्याला फार नंतर समजतं. त्याला लाल रंग दिसलेला असतो.

आता गंमत पाहा. मूळ कादंबरीत लेखिकेने कितीतरी पानं हे आपल्यापासून लपवलेलं आहे. शब्दांत ते सोपं. ज्याचा उल्लेख केला नाही, ते आहे की नाही हे वाचकाला कळत नाही. तो आपल्या मनातले रंग भरत राहतो. चित्रात ही सोय नाही. चित्रकाराला पहिल्याच पानावर काहीतरी दाखवावंच लागतं. रसेलने काय करावं? सगळं निळसर-करड्या छटांत काढलं. आपण पानं उलटत जातो आणि समजतो की, ही या चित्रकाराची शैली असेल. मग ते सफरचंद येतं, आठवणी येतात, त्यांच्याबरोबर रंग येऊ लागतात, आणि आपल्या ध्यानात येतं की, ती शैली नव्हतीच. आपण इतका वेळ त्या बिचाऱ्या लोकांच्याच डोळ्यांनी पाहत होतो. गुपित उघड्यावर ठेवलेलं होतं आणि तरी दिसलं नाही.

मी पुस्तक मिटलं आणि मला आमची खातेवही आठवली. संगणक येण्यापूर्वीची, दोन्ही हातांनी उचलावी लागणारी. तीत खात्यावर पैसे नसताना उचल झाली की शिल्लक लाल शाईने लिहीत. पान उघडल्यावर तो आकडा किती आहे हे वाचायच्या आधीच पोटात गोळा यायचा. आकडा वाचावा लागतो. लाल रंग आधीच पोचलेला असतो. शब्दांचा धंदा करणाऱ्या मला हे तीस वर्षांपूर्वी शिकवलेलं होतं, फक्त मी ते बँकेतच ठेवून घरी येत होतो.

दुसरं पुस्तक 'किंड्रेड'. ऑक्टेव्हिया बटलर या कृष्णवर्णीय लेखिकेची १९७९ सालची कादंबरी; चित्ररूपांतर २०१७ साली आलं. संहिता डेमियन डफी यांची, चित्रं जॉन जेनिंग्ज यांची. २०१८ साली रूपांतरासाठीचा आयस्नर पुरस्कार तिला मिळाला. कॅलिफोर्नियात राहणारी डेना नावाची कृष्णवर्णीय तरुणी १९७६ साली आपल्या नव्या घरात पुस्तकं लावत असते. तिला चक्कर येते आणि ती थेट दीडशे वर्षं मागे, मेरीलँडमधल्या एका गोऱ्या जमीनदाराच्या मळ्यावर जाऊन पडते. तिथे तिचे पूर्वज गुलाम आहेत. त्या मळ्यावरच्या गोऱ्या मुलाचा जीव तिने वाचवला नाही, तर तिचा वंशच जन्माला येणार नाही. कारण तो मुलगाही तिचा पूर्वज आहे. पुन:पुन्हा ती तिकडे ओढली जाते, आणि दर वेळी काहीतरी गमावून परतते.

आपण सिनेमात काय पाहिलेलं असतं? आजचं रंगीत, मागचं काळं-पांढरं. भूतकाळ म्हणजे पिवळा पडलेला फोटो. इथे नेमकं उलटं केलं आहे. १९७६ साल फिकट, मातकट तपकिरी रंगात आहे, आणि गुलामीचे दिवस भडक, जिवंत रंगांत. गवत हिरवंगार, पेटलेल्या पडद्यांची आग नारिंगी, चाबकाखालचं रक्त लाल. पहिल्यांदा डोळ्यांना खटकतं. मग कळतं की, डेनाच्या बाबतीत हेच खरं आहे. जे तिच्या अंगावर वळ उठवतं ते खरं. घरी परतल्यावर दिवाणखाना, टेबल, दिवे हेच पुसट वाटू लागतात. हे शब्दांत सांगता आलं नसतं असं नाही. बटलरबाईंनी ते समर्थपणे सांगितलंच आहे. पण शब्दांत ते एकदा सांगून पुढे जावं लागतं. रंग ते प्रत्येक पानावर सांगत राहतो आणि एकदाही सांगत नाही.

हे पुस्तक वाचून झालं त्या रात्री मला झोप आली नाही. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्या दिवसानंतरची दहा वर्षं मला आठवतात ती तारखांनी, फीच्या पावत्यांनी, शिवणयंत्राच्या आवाजाने. पण त्याआधीच्या दिवसांतली परसातल्या कण्हेरीची फुलं मी आजही डोळे मिटून मोजू शकतो. म्हणजे त्या मुलीने पानांना जे रंग दिले होते, ते माझ्या पुस्तकात नव्हते, पण माझ्या डोक्यात होते. ते तिला कुठून कळले?

तिसरं पुस्तक मात्र आपल्या घरचं निघालं. 'भीमायन', २०११ सालचं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींचं एक छोटं टिपण इंग्रजीत लिहून ठेवलं होतं. त्यांच्या मागे ते प्रसिद्ध झालं. त्यावर आधारित हे पुस्तक. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड पतिपत्नीची. पाणी, निवारा, प्रवास असे त्याचे तीन भाग.

पहिल्या भागात १९०१ सालचा तो प्रसंग आहे. छोटा भीम आणि बरोबरची मुलं वडिलांना भेटायला निघतात आणि मसूर स्टेशनवर उतरतात. मुलं कोणत्या जातीची हे कळल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो. बैलगाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार होतो, तोही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. आणि रात्रभर बरोबरच्या डब्यातलं जेवण तसंच राहतं, कारण प्यायला कुणी पाणी देत नाही. मसूर आमच्या भागातलं स्टेशन. तिथे मी कितीदा तरी उतरलो आहे आणि फलाटावरच्या नळाचं पाणी ओंजळीने प्यायलो आहे. हा प्रसंग मी पूर्वी वाचलेलाही होता. बाबासाहेबांचं ते लेखन अत्यंत संयमी, एखाद्या साक्षीदाराने जबानी द्यावी तसं. वाचून मन खिन्न झालं होतं आणि मी पुढच्या कामाला लागलो होतो.

या पुस्तकात मला पुढे जाता आलं नाही. पहिली गोष्ट म्हणजे इथे चौकटीच नाहीत. आपली माणसं खोक्यांत कोंबायला या चित्रकारांनी नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात जी दिग्ना नावाची नक्षी काढतात, तिच्या वळणांनी त्यांनी पानं विभागली आहेत. नदीने शेतं विभागावी तशी. आगगाडी सापासारखी वळते, किल्ला हिंस्र जनावर होऊन बसतो. आणि संवादांचे फुगे! मायेने बोलणाऱ्यांचे आणि सोसणाऱ्यांचे शब्द पाखराच्या आकाराच्या फुग्यात आहेत. ज्यांच्या बोलण्यात विष आहे त्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचारांच्या फुग्याला एक डोळा, मनाचा. स्टेशनमास्तर काय बोलला हे वाचण्याआधी तुम्हाला ती नांगी दिसते. खातेवहीतल्या लाल शाईसारखीच.

अमर चित्र कथेनेही १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला होता, आणि त्या काळी तो हजारो मुलांपर्यंत पोचला असेल. पण त्याच्या चौकटी सरळ, ओळीने लावलेल्या. ज्या माणसाला आयुष्यभर 'इथे थांब, पलीकडे जाऊ नकोस' असं सांगितलं गेलं, त्याची गोष्ट सांगताना चौकट मोडणं हाच गोष्टीचा अर्थ होऊ शकतो, हे मला 'भीमायन' पाहून उमगलं. आणि ती मोडली कुणी? ज्यांच्या कलेला अनेक वर्षं कुणी कलाच म्हटलं नाही, त्या समाजातल्या दोघांनी. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

हे सगळं वाचून मी लगेच शरण गेलो असं मात्र नाही. बँकेतला माणूस दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडल्याशिवाय उठत नाही. नावेच्या बाजूला मी जे लिहिलं, ते असं. मराठीने रंगांना किती नावं दिली आहेत! डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, अबोली, गुलबक्षी, आमसुली, शेवाळी, विटकरी, राखाडी, श्रीखंडी. फळं, फुलं, पाखरं, पक्वान्नं, सगळी त्यांत आली. मी 'आमसुली' असं लिहिलं की, प्रत्येक वाचकाच्या मनात त्याच्या त्याच्या घरातलं आमसूल येतं. लाख वाचकांचे लाख रंग. चित्रकाराने एक रंग लावला की, उरलेले नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव गेले. हा तोटा खरा आहे. ज्यांनी आवडत्या कादंबरीवरचा सिनेमा पाहून हळहळ केली आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

शिवाय रंग हवाच असंही नाही. त्या मुलीशी नंतर बोलणं झालं तेव्हा तिनेच मला 'सिटी ऑफ ग्लास'विषयी सांगितलं. पॉल ऑस्टर यांची १९८५ सालची कादंबरी. पॉल करासिक आणि डेव्हिड माझुकेली यांनी १९९४ साली तिचं रूपांतर केलं, ते निव्वळ काळ्या-पांढऱ्यात. बहुतेक पानांवर नऊ चौकटींची जाळी, खिडकीच्या गजांसारखी. आणि नायकाचं डोकं जसजसं ठिकाणावरून सुटत जातं तसतशी ती जाळीही शेवटी विस्कटत जाते. लहानपणी अंधाऱ्या खोलीत कोंडलेला एक माणूस त्यात लांबच लांब, तुटक बोलत राहतो. कादंबरीत ती पानंच्या पानं आहेत. चित्रांत त्याच्या फुग्याचं शेपूट त्याच्या तोंडात शिरतं, घशात उतरतं, आणि पुढच्या चौकटींत दुसऱ्याच कसल्या कसल्या वस्तूंच्या आतून येऊ लागतं. माणूस बोलतोय, पण आवाज कुठून तरी फार खालून येतोय. इथे रंगाने काही भर पडली असती असं मला वाटत नाही.

म्हणजे प्रश्न रंगीत की साधं हा नव्हेच. मूळ लेखकाने जे शब्दांनी केलं, त्याला चित्राच्या भाषेत काय म्हणतात, हे रूपांतर करणाऱ्याने शोधलं आहे का, एवढाच प्रश्न. नुसते प्रसंग चित्रांत उतरवले तर ती नक्कल झाली. अशी पुस्तकंही भरपूर निघतात आणि परीक्षेपुरती वाचली जातात.

माझ्या जमाखर्चात जमेची बाजू थोडी जड झाली. तरी मूळ प्रश्न तसाच होता. आईच्या पातळाचा रंग.

शेवटी मी इचलकरंजीला ताईला फोन लावला. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, बाबा गेले त्या दिवशी आई काय नेसली होती, आठवतंय?

ताई म्हणाली, "अंजिरी." एका क्षणाचाही वेळ न लावता म्हणाली. "पाडव्याला बाबांनी आणलेलं. परत कधी नेसली नाही. पांढरट, फिकट असंच काहीतरी नेसायची मग. त्या अंजिरीची गोधडी केली तिने. तूच तर पांघरायचास, विसरलास होय रे?"

मी विसरलो नव्हतो. कादंबरीत त्या गोधडीवर मी दीड पान लिहिलं आहे. तिचा भार, तिची ऊब, तिच्या धावदोऱ्याच्या रांगा बोटांनी मोजत झोपी जाणारा मुलगा. सगळं लिहिलं, फक्त ती आईच्या त्या पातळाची होती हे लिहिलं नाही. ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून लिहिलं नाही, हे आता मलाही सांगता येणार नाही.

मी मुलीला फोन केला. म्हटलं, तुझी पुढची पानं करडी आहेत ती तशीच राहू देत. पण मुलगा रात्री पांघरतो त्या गोधडीत तेवढा अंजिरी रंग ठेव. बाकी कुठे नको.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, त्या सहा चौकटींच्या पानानंतर तुमची दोन वाक्यं घेऊ का? शेजारीण दूध पुसते ती?" चार पानांतली दोन वाक्यं. मी हो म्हणालो. उरलेल्यांचं दुःख मला आजही आहे. ते तिलाही सांगून ठेवलं आहे. सही करून कागद दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकला.

चार दिवसांनी तिचा पुन्हा फोन. "काका, अंजिरी म्हणजे नेमका कुठला? कच्च्या अंजिराच्या सालीचा, पिकल्याचा, की आतल्या गराचा?"

आता आली का पंचाईत! सौभाग्यवती म्हणाल्या, जांभळ्याकडे झुकणारा. ताई म्हणाली, छे, लालसर. ती गोधडी अजून तिच्या ट्रंकेत होती. भाचा पुण्याला येणार होता, त्याच्याबरोबर तिने पाठवली. दिवाणखान्यात आम्ही ती पसरली, तर सगळीच मातकट. पन्नासहून अधिक वर्षांच्या धुण्यात नि उन्हात रंग म्हणून काही उरला नव्हता. मी निराश होऊन घडी घालू लागलो.

"थांबा," असं म्हणून सौभाग्यवतींनी कात्री आणली. काठाशी जिथे पातळ आत दुमडून शिवलेलं होतं, तिथले आईचे चार टाके त्यांनी जपून उसवले आणि दुमड उलगडली. आत बोटभर रुंदीची पट्टी होती. तिला कधी ऊन लागलेलं नव्हतं.

ताईचंच खरं होतं. लालसर.